मुळशीचे सेनापती

पुण्याहून पश्चिमेकडे निघून पौड गाव मागे टाकले आणि ताम्हिणी घाटाची वाट धरली, की डोंगरांच्या कुशीत पसरलेला एक विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. पावसाळा सरल्यावर त्याच्या शांत पाण्यात सह्याद्रीच्या रांगा उलट्या उतरलेल्या दिसतात. प्रवासी घटकाभर थांबतात, ते दृश्य डोळे भरून पाहतात आणि आपल्या वाटेला लागतात. ह्या पाण्याच्या तळाशी एके काळी भाताची खाचरे होती, घरे होती, देवळे होती, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती खाचरे वाचवण्यासाठी १९२१ ते १९२४ ह्या काळात येथे एक लढा झाला. त्या लढ्यात तोफा नव्हत्या, घोडदळ नव्हते, खजिना तर नव्हताच. परंतु त्याला एक सेनापती होता. कोणत्याही राजाने त्याला वस्त्रे दिली नव्हती. डोक्याला मुंडासे बांधलेल्या, गुडघाभर चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याला ती पदवी दिली, आणि ती त्याच्या नावाला अशी चिकटली की पुढे मूळ नाव मागे पडले. पांडुरंग महादेव बापट हे ते नाव होय.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर ह्या गावी झाला. ह्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर असे आहे. घरची स्थिती बेताचीच होती. पण मुलगा बुद्धीने तल्लख निघाला. पारनेर, नगर आणि पुणे येथे शिक्षण घेऊन तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. तेथे शिकत असतानाच एका क्रांतिकारक मित्राच्या साक्षीने, तलवारीवर हात ठेवून, देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वाहण्याची त्यांनी शपथ घेतली. तरुणपणी शपथा पुष्कळ जण घेतात. बापटांची शपथ मात्र साठ वर्षांहून अधिक काळ टिकली.

बी. ए. झाल्यावर मंगळदास नथुभाई ह्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली इंग्लंडला गेले आणि स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे यंत्रशास्त्राचा अभ्यास करू लागले. अभ्यास नीट पुरा केला असता तर मोठ्या पगाराची नोकरी त्यांच्यासाठी ठेवलेलीच होती. परंतु एका सभेत त्यांनी हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याचे खरे स्वरूप उघड करून सांगितले आणि सरकारची मर्जी गेली. शिष्यवृत्ती बंद झाली. परक्या मुलुखात, खिशात पैसा नसलेल्या ह्या विद्यार्थ्याला लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये आसरा मिळाला. श्यामजी कृष्णवर्मा ह्यांनी चालवलेले ते वसतिगृह म्हणजे त्या काळी क्रांतिकारकांचे माहेरघर होते. विनायकराव सावरकरांशी त्यांचा स्नेह तेथेच जुळला. पुढे ते पॅरिसला गेले आणि तेथील रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या शिकले. ती विद्या कागदावर उतरवून घेऊन १९०८ साली ते स्वदेशी परतले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बाँबची कृती हाती असूनही बापटांनी स्वतः ती उतावीळपणे वापरली नाही. देशात हिंडताना त्यांच्या लक्षात आले, की बहुसंख्य लोकांना आपण पारतंत्र्यात आहोत ह्याची जाणीवच नाही. ज्याला आपल्या पायातली बेडी दिसत नाही, त्याच्यासाठी बेडी तोडण्याचे हत्यार काय कामाचे? तेव्हा आधी लोकांना जागे केले पाहिजे, असे त्यांचे मत बनले. पण त्याच सुमारास बंगाल्यात अलीपूरचा खटला उभा राहिला, त्यात बापटांचेही नाव बाहेर आले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे चार वर्षे ते वेष पालटून फिरत राहिले. अखेर १९१२ साली ते पकडले गेले आणि काही काळाने सुटले.

सुटून पारनेरला आल्यावर ह्या विलायत पाहिलेल्या पदवीधराने काय करावे? त्याने हातात झाडू घेतला. पहाटे उठून गावचे रस्ते झाडायचे, घाण उपसायची, असा क्रम त्यांनी सुरू केला. घरी मुलगा जन्मला, तेव्हा आनंदाच्या जेवणाचा पहिला मान त्यांनी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या लोकांना दिला. गावातील प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. बापटांनी तिकडे लक्ष दिले नाही. पुढे पुण्यास येऊन त्यांनी वर्तमानपत्रांत काम केले, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यालयातही ते काही काळ होते. हे सर्व चालू असतानाच मुळशीचे प्रकरण उद्भवले.

मुळशी हा मावळातील डोंगराळ मुलूख. येथे पाऊस कोसळतो आणि डोंगरउतारावरची माती वाहून नेतो. पण नदीकाठची खाचरे मात्र सोन्यासारखी. येथील आंबेमोहोर तांदूळ असा की एका घरी शिजला तर त्याचा वास शेजारच्या घरी जावा. शिवाजी महाराजांच्या वेळी स्वराज्यासाठी लढलेल्या मावळ्यांचे वंशज ही जमीन पिढ्यान् पिढ्या कसत होते. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने अशी योजना आखली, की मुळा आणि निळा ह्या नद्यांचे पाणी मुळशी येथे मोठे धरण बांधून अडवावे, डोंगरातून ते पश्चिमेस कोकणात भिरा येथे खाली सोडावे आणि त्या प्रपाताच्या जोरावर वीज तयार करावी. योजना बुद्धिमान माणसांनी आखलेली होती, ह्यात शंका नाही. ज्या नद्या पूर्वेकडे वाहत होत्या, त्यांचे पाणी पश्चिमेकडे वळवायचे, हे काही लहानसहान काम नव्हे. परंतु त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे अकरा हजार माणसांच्या जमिनी व घरे जाणार होती, आणि त्या माणसांना कोणी विचारलेच नव्हते. कंपनीची माणसे आली आणि शेतात चाचणीचे खड्डे खणू लागली, तेव्हा शेतकऱ्याला कळले की आपले शेत आता आपले राहणार नाही. इंग्रज सरकारने जमीन ताब्यात घेण्याच्या कायद्याचा आधार कंपनीला देऊ केला.

ह्याच मावळपट्ट्यात, मुळशीच्या उत्तरेस असलेल्या वडगाव येथे, १७७९ साली इंग्रजांच्या एका फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले होते. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून सुमारे चार हजारांची फौज घाट चढून आली. पण तिचा कारभार एका माणसाच्या हाती नव्हता. कर्नल एजर्टन सेनापती खरा, पण त्याच्या जोडीस मुंबई सरकारची समिती बसवली होती आणि तिच्यात कारनॅकसारखे वजनदार गृहस्थ होते. एजर्टन आजारी पडल्यावर सूत्रे कर्नल कॉकबर्नकडे गेली. फौज मुंगीच्या पावलांनी सरकली, तळेगावास येऊन थबकली आणि माघार घेताना महादजी शिंदे आदी मराठा सरदारांच्या वेढ्यात सापडली. वडगावचा अपमानकारक तह इंग्रजांना करावा लागला. पुढे दोष कोणाचा, ह्यावर मोठा वाद माजला आणि कंपनीने त्या तिघांनाही कामावरून दूर केले. सैन्याला एकाहून अधिक डोकी असली म्हणजे काय होते, ह्याचा हा एक नमुना. जवळजवळ दीडशे वर्षांनी शेजारच्या मुळशीत जे सैन्य उभे राहिले, त्यालाही हा दोष टाळता आला नाही, म्हणून ही जुनी हकीकत येथे सांगितली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. सुमारे बाराशे स्त्री-पुरुष धरणाच्या जागी जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी कार्यकर्ते पुढे होते. पुण्याच्या पुढाऱ्यांचा पाठिंबा होता. गांधीजींनीही टाटांनी कायद्यावर बोट न ठेवता लोकांशी बोलावे, असे लिहून आपला कल दाखवला होता. बापट गावोगाव हिंडत होते. ते नुसती व्याख्याने देत नसत. साध्या भाषेत गाणी रचत, आणि ती गाणी लोकांच्या तोंडी बसत. डोंगरातील एखाद्या वाडीवर रात्री मुक्काम करावा, भाकरी मिळेल ती खावी आणि पहाटे पुढची वाडी गाठावी, असा त्यांचा क्रम असे. प्राण गेला तरी बेहत्तर, पण जमीन देणार नाही, ही प्रतिज्ञा खोऱ्यात घुमू लागली. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते ह्याच काळात.

पहिला विजय लवकर मिळाला. काम काही महिन्यांपुरते थांबवण्यात आले. पण लढाईतील विसावा कित्येकदा चढाईपेक्षा घातक ठरतो. ह्या अवधीत सैन्यातील भेग उघडी पडली. मुळशीतील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या. जमीन कागदोपत्री एकाची आणि तिच्यात घाम गाळणारा दुसराच, अशी स्थिती होती. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम. कंपनी चांगला मोबदला देत असेल तर त्याचे काही बिघडत नव्हते. कुळाला जमीन म्हणजे घर, अन्न आणि बापजाद्यांची राख. त्याला पैसे देऊन ह्यातले काय विकत घेता येणार होते? मोबदला घ्यावा की घेऊ नये, ह्या प्रश्नावर फूट पडली. एकामागून एक माणसे रक्कम घेऊ लागली. पुण्यातील पुढाऱ्यांतही एकमत उरले नाही.

डिसेंबर १९२१ च्या सुमारास काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही पुन्हा पेटला. सत्याग्रही खोदकामाच्या जागी जाऊन बसत, मार खात, पकडले जात. त्यांची जागा दुसरे घेत. खेड्यातील स्त्रियांनीही तुरुंगाची भीती टाकली. बापटांना दोनदा कारावास झाला. दर वेळी सुटून आले म्हणजे त्यांना दिसे, की धरणाची भिंत आणखी वर गेली आहे आणि आपले सैन्य आणखी विरळ झाले आहे. ह्या क्षणी सेनापतीने काय करावे? पराभव मान्य करून उरलेल्या लोकांना अधिक मोबदला मिळवून द्यावा, हा एक मार्ग होता, आणि तो शहाणपणाचा नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. बापटांनी तो घेतला नाही. त्यांनी दुसराच मार्ग निवडला, आणि तोच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त भाग ठरला.

१९२४ साली त्यांनी आपल्या मोजक्या सोबत्यांसह धरणाच्या कामासाठी धावणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली. ह्या वेळी ते निःशस्त्र नव्हते. काम बंद पाडणे हा त्यांचा हेतू होता. घटनेनंतर डोंगर मोकळे होते, रानातील वाटा त्यांना तळहातासारख्या ठाऊक होत्या आणि चार वर्षे पोलिसांना गुंगारा दिल्याचा अनुभवही गाठीशी होता. पण बापट पळाले नाहीत. केलेल्या कृत्याची सर्व जबाबदारी घेऊन ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

त्यांच्या ह्या कृतीवर टीका झाली, आणि ती केवळ सरकारच्या बाजूने झाली नाही. गांधीजींच्या मते मुळशीचा लढा पुढे चालवण्यात अर्थ उरला नव्हता. बहुसंख्य लोकांनी मोबदला स्वीकारला होता, काम फार पुढे गेले होते, आणि लढ्याचे नेतृत्व ज्यांच्याकडे होते त्यांची अहिंसेवर श्रद्धा नव्हती, अशी त्यांची कारणे होती. सत्याग्रह हे नाव घ्यायचे आणि हाती शस्त्र धरायचे, ही विसंगती नव्हे काय, असा प्रश्न अनेकांनी केला. बापटांचे उत्तर वेगळे होते. आपल्या मार्गाला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. मनात स्वार्थ किंवा द्वेष नसावा, कृत्य उघडपणे करावे आणि त्याचे शासन आनंदाने भोगावे, म्हणजे प्रसंगी बळाचा वापर केला तरी सत्याग्रह मलिन होत नाही, अशी त्यांची धारणा होती.

ह्यात कोणाचे खरे? आगगाडी चालवणारा माणूसही पोटासाठीच राबत होता, आणि रुळांवरचे दगड त्याच्याही वाटेत होते, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. बापटांच्या हेतूच्या शुद्धतेने त्याच्या जिवाचा धोका कमी होत नव्हता. शिवाय ज्या शेतकऱ्यांसाठी हे घडले, त्यांची जमीन त्यामुळे वाचली नाही. ह्या दृष्टीने पाहता सेनापतींचा शेवटचा डाव चुकलाच. परंतु एवढे म्हणून थांबलो, तर दुसरी अर्धी गोष्ट सांगायची राहते. वडगावला फौज संकटात सापडली तेव्हा प्रत्येक सरदार दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याच्या खटपटीत होता. मुळशीत सावकार गेले, पुढारी गेले, बहुसंख्य लोक मोबदला घेऊन गेले, तरी बापटांनी कोणालाही दोष दिला नाही. लोकांना त्यांनी शपथ घ्यायला लावली होती. ती मोडण्याची मुभा त्यांनी स्वतःला घेतली नाही. शेतकऱ्यांनी दिलेली पदवी शेतकऱ्यांनीच परत घेतली असती, तर तो त्यांचा हक्क होता. त्यांनी ती घेतली नाही.

१९२७ साली मुळशीचे धरण पुरे झाले आणि भिरा येथील वीज मुंबईकडे वाहू लागली. खोऱ्यातील माणसे पांगली. कोणी वरच्या डोंगरउतारावर खोपटी बांधली, कोणी मजुरीच्या शोधात दूर गेले. सेनापती त्या वेळी तुरुंगात होते.

१९३१ मध्ये ते बाहेर आले. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पण एका भाषणाबद्दल सरकारने त्यांना पुन्हा दीर्घ मुदतीची शिक्षा ठोठावली आणि १९३७ पर्यंतची वर्षे भिंतींआड गेली. सुटल्यावर हैदराबाद संस्थानातील जनतेच्या हक्कांसाठी ते लढ्यात उतरले. १९३९ साली सुभाषचंद्र बोस ह्यांनी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केला, तेव्हा बापट त्यांच्या बाजूला उभे राहिले. एवढ्या धकाधकीतही झाडू हातचा सुटला नव्हता आणि लेखणीही थांबली नव्हती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरात स्वतंत्र भारताचा ध्वज उभारण्याचा मान त्यांना देण्यात आला. ज्यांनी त्यांच्या मार्गावर कठोर टीका केली होती, त्यांनाही त्या दिवशी दुसरे नाव सुचले नसेल.

देश स्वतंत्र झाला, पण गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य चालूच होते. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे ह्यांच्यासह सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी गोव्याच्या सरहद्दीत शिरली. तिच्या अग्रभागी एक ७४ वर्षांचा वृद्ध चालत होता. पुढे पोर्तुगीज शिपाई बंदुका रोखून उभे होते आणि मार बसणार हे सर्वांना ठाऊक होते. मुळशीच्या रुळांवर शस्त्र घेऊन उभा राहिलेला तो सेनापती ह्या वेळी रिकाम्या हातांनी गेला. शिपायांनी त्यांना मारझोड करून परत हद्दीपार केले. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होतेच. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तो दिवस त्यांनी पाहिला.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई येथे सेनापती बापटांचे निधन झाले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत, आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे अजूनही वीज तयार होते.